एक हरकत, तोंडी

सोसायटीच्या बावीस वर्षांच्या इतिहासात एकही ठराव बहुमताने मंजूर झाला नव्हता. सगळे सर्वानुमते झाले होते. पाणी पहाटे साडेचारला सोडण्याचा ठराव सर्वानुमते झाला होता, आणि ती वेळ कोणालाच सोसत नाही म्हणून ती बदलण्याचा ठरावही सर्वानुमतेच झाला होता. सेक्रेटरींना या परंपरेचा रास्त अभिमान होता.

ही परंपरा एका रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मोडली, आणि ती एका कुत्र्याने मोडली.

सभा नेहमीप्रमाणे पार्किंगमध्ये भरली होती. विषय क्रमांक चार होता फाटकाजवळचं बाकडं काढून टाकण्याचा. कारण असं नमूद केलं होतं, की बाकडं असल्यामुळे लोक त्यावर बसतात. सेक्रेटरींनी विचारलं, "मंजूर?" बत्तीस घरांचे बत्तीस हात वर गेले. मग नियमाप्रमाणे त्यांनी विचारलं, "कोणाची हरकत?" आणि उत्तराची वाट न बघता पान उलटायला बोट ओलं केलं. नेमक्या त्या क्षणी तिसऱ्या रांगेतल्या एका खुर्चीखालून ढब्बू भुंकला. एकदाच, पण खणखणीत.

इतिवृत्त लिहिण्याचं काम तळमजल्यावरच्या निवृत्त लघुलेखकांकडे होतं. या गृहस्थांनी जन्मभर जे ऐकलं ते लिहिलं होतं, पदरचं काही घातलं नव्हतं आणि कानावर आलेलं काही गाळलं नव्हतं. त्यांनी लिहिलं : 'विषय चार. एक हरकत, तोंडी.'

"अहो, तो कुत्रा आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"मग तसं लिहू? 'कुत्र्याने हरकत घेतली'?"

सेक्रेटरींनी क्षणभर विचार केला. इतिवृत्त वर तपासणीला जात असे. "नको. नुसती हरकतच राहू दे."

"उपविधीप्रमाणे हरकत आली की ठराव पुढच्या सभेवर जातो," लघुलेखकांनी आठवण करून दिली. "आणि हरकत 'सभेस उपस्थित असलेल्या कोणीही' घ्यावी असं आहे. कोणीही म्हणजे कोण, ते पुढे दिलेलं नाही."

बाकडं वाचलं. तिसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली. सोसायटीच्या आवारात वास्तव्य करणाऱ्या प्रत्येक पाळीव प्राण्याच्या मालकाने तीस दिवसांच्या आत प्राण्याच्या आज्ञाधारकतेचा दाखला सादर करावा. न केल्यास प्राण्यास आवाराबाहेर हलवण्यात येईल. आवारात पाळीव प्राणी एकच होता. नोटिशीत 'प्रत्येक' हा शब्द होता, कारण सेक्रेटरींच्या मनात कोणाविषयीही आकस नव्हता.

ढब्बू दुसऱ्या मजल्यावर राहत असे. घर कागदोपत्री मास्तरांचं. मास्तरांनी एका शाळेत पस्तीस वर्षं कवायत शिकवली होती. त्यांनी 'दाहिने मुड' म्हटलं, की हजार मुलं वळत आणि रस्त्यावरून जाणारे दोनचार लोकही वळत. गेल्या वर्षी आजारपण आलं, जाताना अर्धी ताकद घेऊन गेलं, आणि मास्तरांनी माणसांशी बोलणं सोडलं. घशाला काही झालेलं नाही, इच्छा झाली की बोलतील, असं डॉक्टर म्हणाले. इच्छा होत नव्हती. बोलत ते फक्त ढब्बूशी, आणि तेही अदबीने. सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून उठत, पट्टा हातात घेत आणि म्हणत, "चला, ढब्बूराव." दोघे कोपऱ्यापर्यंत जाऊन येत. येताना मास्तर फाटकाजवळच्या बाकड्यावर बसत, कारण फाटकापासून लिफ्टपर्यंतची साठ पावलं त्यांना एका दमात जमत नसत.

थोडक्यात, कुत्रा नसता तर मास्तर खाली उतरले नसते, आणि बाकडं नसतं तर वर चढले नसते. त्यांच्या मुलाला या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे ठाऊक होत्या. त्या एकाच फायलीत लावायचं मात्र राहून गेलं होतं.

मुलगा एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागात हेडक्लार्क होता. घरीही त्याचं पद तेच होतं, असं त्याची बायको म्हणे.

"नोटीस वाचलीत?" तिने विचारलं.

"वाचली. मुदत तीस दिवसांची दिसते, पण आहे एकोणतीस. एक दिवस लावण्यातच गेला."

"ढब्बूला नेलं तर अण्णा त्या खुर्चीतून उठायचे नाहीत. सांगून ठेवते."

"मला काय कळत नाही?"

"मग लावा त्याला क्लास."

"कुठला?"

"कुठलाही लावा हो!"

हेडक्लार्कने कप खाली ठेवला. कुठलाही. तीस वर्षांच्या नोकरीत त्याने कुठलीही वस्तू 'कुठलीही' म्हणून घेतली नव्हती. टाचणीची डबी घ्यायची तरी तीन प्रस्ताव मागवायचे, तिन्हींचा तुलनात्मक तक्ता करायचा, तक्त्यावर चर्चा करायची, आणि मग जी घ्यायचं आधीच ठरलेलं असतं ती डबी घ्यायची, ही रीत होती. प्रस्ताव नुसते मागवूनही भागत नसे. माल नमुन्यावर वापरून बघावा लागे. इथे पद्धती तीन होत्या आणि नमुना एक. त्याने ढब्बूला एकाच वेळी तिन्ही क्लासना घातलं.

"तिन्ही?" बायको म्हणाली.

"तिघांनाही एकच कुत्रा मिळाला पाहिजे. नाहीतर तुलना न्याय्य होत नाही."

"आणि त्या कुत्र्याचं काय होईल?"

"तो तटस्थ राहील," हेडक्लार्क म्हणाला.

पहिला क्लास एका शाळेच्या व्यायामशाळेत होता आणि त्याची पद्धत बक्षिसाची होती. बाईंच्या कमरेला बिस्किटांची पिशवी होती, हातात टिकटिक वाजणारं एक बटण होतं आणि चेहऱ्यावर न उतरणारा आनंद होता. कुत्र्याने योग्य ते केलं की टिक, आणि लगेच बिस्किट.

"कुत्र्याला 'नाही' कधीच म्हणायचं नाही," बाई म्हणाल्या.

"आणि तो चुकला तर?"

"तो चुकत नसतो. त्याला बरोबर वागण्याची संधी मिळालेली नसते."

हे वाक्य हेडक्लार्कने हाताखालच्या एका लिपिकाच्या गोपनीय अहवालासाठी टिपून घेतलं. घरचा अभ्यास म्हणून घरातून 'नाही' हा शब्द हद्दपार करायचा होता. तिसऱ्या दिवशी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, साखरेला घरात येण्याची संधी मिळालेली नाह... मिळायची आहे." हेडक्लार्क साखर घेऊन आला. ती म्हणाली, "टिक." त्याला बरं वाटलं. क्लासमध्ये त्याने पट्टा नीट धरला तेव्हा बाईंनी सवयीने बटण दाबलं आणि सवयीनेच त्याच्या तळहातावर बिस्किट ठेवलं. सगळे बघत होते. त्याने ते खाल्लं, आणि तक्त्याच्या रकान्यात नोंद केली : 'चव मध्यम.'

दुसरा क्लास एका गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत होता. तो चालवणारे उस्ताद पूर्वी कुस्ती शिकवत. त्यांची पद्धत नायकत्वाची होती. कुत्र्याच्या डोक्यात नेहमी एकच प्रश्न असतो, या कळपाचा नायक कोण. उत्तर मिळालं नाही की तो स्वतःच नायक होतो.

"घरात प्रमुख कोण?" उस्तादांनी विचारलं.

"कागदोपत्री वडील. व्यवहारात बायको."

"मग तुम्ही कोण?"

हेडक्लार्कने याचं उत्तर लेखी देण्याची तयारी दाखवली. उस्तादांनी ती नाकारली. त्यांचे नियम साधे होते. दारातून नायकाने आधी जायचं. जेवायचं नायकाने आधी, कुत्र्याच्या देखत. वाट नायकाने द्यायची नाही. हेडक्लार्कने नियम तंतोतंत पाळले. ढब्बूच्या देखत तो जेवायला बसे तेव्हा ढब्बू त्याच्याकडे अशा सहानुभूतीने बघे, की दोन घास कमी जात. दारातून तो ताठ मानेने आधी बाहेर पडे. ढब्बू त्याच्या मागे येई आणि उंबऱ्यावर थांबे, कारण मास्तर अजून चपला घालत असत. मग नायक लिफ्टपाशी एकटाच उभा राही. कचेरीत मात्र पद्धत लागू पडली. सवयीच्या ओघात तो मुख्य अधिकाऱ्यांच्या आधी दारातून आत शिरला, आणि त्याच्याकडून खुलासा मागवण्यात आला.

तिसरी पद्धत मौनाची होती. हा क्लास चटया अंथरलेल्या एका थंड दालनात भरे. तिथल्या गुरुजींचं माहितीपत्रक आठ पानी होतं आणि त्यातली सहा पानं कोरी होती.

"शब्द हा माणसाचा दुबळेपणा आहे," गुरुजी पहिल्या दिवशी अगदी हळू म्हणाले, आणि पुढचं वाक्य बऱ्याच वेळाने म्हणाले. "कुत्रा तुमचं मन वाचतो. आधी मन रिकामं करा."

इतर मालकांना मन रिकामं करायला दोन-दोन आठवडे लागले. हेडक्लार्कचं चार मिनिटांत झालं. गुरुजी थक्क झाले. त्यांनी मौन मोडून विचारलं, "पूर्वीची साधना?"

"नोकरी," हेडक्लार्क म्हणाला.

रिकाम्या मनानंतर फक्त खुणा शिकायच्या होत्या. मुख्य खूण एकच. उजवा हात सरळ वर. हात वर गेला की कुत्र्याने बसायचं, आणि तो खाली येईपर्यंत आवाज काढायचा नाही.

तीन आठवडे ढब्बू या तिन्ही ठिकाणी न चुकता गेला. त्याची हजेरी शंभर टक्के होती. पण आता त्याला 'बस' म्हटलं, की तो आधी बोलणाऱ्याच्या कमरेकडे बघे, मग नायकाला पुढे जाता यावं म्हणून अदबीने बाजूला सरके, आणि मग कोणाचा तरी हात वर जाण्याची वाट बघे. एवढं होईपर्यंत आज्ञा शिळी झालेली असे. शिक्षकांना कारण विचारलं, तर तिघांनीही उरलेल्या दोघांकडे बोट दाखवलं. "बिस्किटं घालून कधी सैन्य उभं राहतं का?" उस्ताद म्हणाले. बाईंना उस्तादांना वाईट म्हणण्याची मुभा नव्हती. त्या म्हणाल्या, "त्यांना सुधारायला खूप वाव आहे. किती छान!" गुरुजींनी फक्त एक भुवई उचलली. त्यांच्या मानाने ती शिवी होती.

हेडक्लार्कने तक्ता पूर्ण केला. सात रकाने, तीन ओळी. शेरा : 'तिन्ही पद्धतींत नमुना सारखाच अवज्ञाकारी.'

त्याच संध्याकाळी तो खिडकीत उभा होता. खाली मास्तर फिरून आले आणि बाकड्यावर बसले. ढब्बू बसला. काही वेळाने मास्तर उठले. ढब्बू उठला. बिस्किट नव्हतं, दरडावणी नव्हती, खूणही नव्हती. हेडक्लार्क जिना उतरून धावत खाली गेला.

"अण्णा, ही कुठली पद्धत?"

मास्तरांनी पट्टा दुसऱ्या हातात घेतला.

"मी बसतो," ते म्हणाले. "मग तो बसतो."

वर्षभरात ते मुलाशी इतकं सलग बोलले नव्हते. पण या पद्धतीला माहितीपत्रक नव्हतं, क्लास नव्हता, आणि दाखला देण्याचा अधिकार तर नव्हताच. वर येऊन त्याने तक्त्याखाली पेन्सिलीने लिहिलं : 'चौथा प्रस्ताव मुदतीनंतर प्राप्त.'

मौन पद्धतीची निवड झाली. तिच्यात आवाज नव्हता, आणि तक्रार आवाजाचीच होती. उरलेले सहा दिवस हेडक्लार्क घरात हात वर करून वावरला.

"हात खाली घ्या आणि जेवायला बसा," बायको म्हणे.

"घेतो. आधी त्याचं बसणं पक्कं होऊ दे."

ते पक्कं झालं, जरा जास्तच पक्कं. बायकोने वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला की ढब्बू बसे. रस्त्यात कोणी टॅक्सीला हात केला की ढब्बू बसे, आणि टॅक्सी थांबून माणूस हात खाली घेईपर्यंत तोंडातून ब्र काढत नसे. हात कोणाचा, हे तो बघत नसे. एकोणतिसाव्या दिवशी सेक्रेटरींच्या समक्ष परीक्षा झाली. गुरुजींनी दाखला दिला. 'सदर श्वान आज्ञाधारक असून, हात वर असेपर्यंत आवाज करणार नाही.'

सेक्रेटरींनी शेवटचे शब्द दोनदा वाचले. मग त्यांनी हेडक्लार्कचं मनापासून अभिनंदन केलं, आणि पुढच्याच रविवारी विशेष सभा बोलावली. विषय एकच होता. बाकडं.

तेव्हा कुठे हेडक्लार्कच्या डोक्यात त्या दोन गोष्टी, कुत्रा आणि बाकडं, एका फायलीत गेल्या. "अहो, आता हरकत घ्या," बायको म्हणाली. "तुम्हाला तोंड आहे ना?"

"बघू," हेडक्लार्क म्हणाला. "इतरही आहेतच की."

इतर होतेच. सभेला एवढी गर्दी कधी झाली नव्हती, आणि वातावरण तर चक्क उत्साहाचं होतं. येणारा प्रत्येक जण आधी तिसऱ्या रांगेतल्या मास्तरांच्या खुर्चीखाली वाकून बघत होता.

"ढब्बू आलाय ना? मग बरं," पहिल्या मजल्यावरच्या काकू हेडक्लार्कच्या बायकोच्या कानाशी लागल्या. "बाकडं गेलं ना, तर भाजीची पिशवी टेकवायला जागा उरणार नाही गं. माझे गुडघे हे असे."

"मग सांगा ना काकू तसं सभेत."

"मी कशाला बाई वाईट होऊ? ढब्बू आहे ना."

सेक्रेटरी उभे राहिले. "विषय एक. मंजूर?"

बत्तीस हात वर गेले. हेडक्लार्कचाही गेला. बावीस वर्षं तो जात होता, आणि मधले सहा दिवस तर तो वरच होता. ढब्बूने खुर्चीखालून मान बाहेर काढली आणि सभोवार बघितलं. एवढी मोठी आज्ञा त्याला कोणत्याही क्लासमध्ये मिळाली नव्हती. तो बसला.

"कोणाची हरकत?"

कोणी हात खाली घेतला नाही. भुंकणं आलं की घेऊ, असं प्रत्येकाने ठरवलं होतं. आणि हात वर होते तोवर भुंकणं येणार नव्हतं. सेक्रेटरींनी या वेळी पान उलटण्याची घाई केली नाही. ते मंद हसत थांबले.

"अरे, बोल ना रे मेल्या!" काकू दातांतल्या दातांत म्हणाल्या. त्यांचा हात सगळ्यांत उंच होता.

हेडक्लार्कला सगळं रकान्या-रकान्याने दिसत होतं. आपण हात खाली घ्यायचा आणि तोंड उघडायचं, बस. त्याने तोंड उघडलं. एकतीस हात वरच आहेत हे बघून मिटलं. हात खाली घ्यायचा प्रयत्न केला, तर हात येईना. त्या हाताचं प्रशिक्षण उत्तम झालं होतं.

"मग सर्वानुम..." सेक्रेटरींनी सुरुवात केली.

"भो!"

एकदाच, पण असं, की पार्किंगमधल्या दोन गाड्यांचे भोंगे आपोआप वाजू लागले. सगळ्यांनी सुटकेने ढब्बूकडे बघितलं. ढब्बूचं तोंड बंद होतं. तो मान वर करून मोठ्या आदराने मास्तरांकडे बघत होता. मास्तर खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले होते, छाती पुढे, हनुवटी वर. पस्तीस वर्षं मैदानाच्या त्या टोकापर्यंत पोचलेला आवाज होता तो.

लघुलेखकांनी लिहिलं : 'एक हरकत, तोंडी.'

"मास्तर!" सेक्रेटरी ओरडले. "अहो, हे भुंकणं झालं! आणि तुमच्या घराचा होकार वर आहे. तुमच्या चिरंजीवांचा हात बघा! एकाच घरातून होकारही आणि हरकतही?"

"उपविधीत घराचा उल्लेख नाही," लघुलेखक म्हणाले. "'उपस्थित असलेल्या कोणीही.' आणि मागच्या वेळची याच भाषेतली हरकत आपण ग्राह्य धरली आहे. पायंडा आहे."

मास्तरांनी पट्टा उचलला. "चला, ढब्बूराव," ते म्हणाले, आणि दोघे जाऊन बाकड्यावर बसले.

तिसऱ्या दिवशी नवी नोटीस लागली. आज्ञाधारकतेच्या दाखल्याची अट आता आवारातल्या सर्व रहिवाशांना लागू करण्यात आली होती. परीक्षा तीच. सांगितलं की बसायचं, हात वर असेपर्यंत आवाज काढायचा नाही. घराघरांत पाचावर धारण बसली. लोक हेडक्लार्ककडे त्याचा तक्ता मागायला आले. कुठला क्लास बरा, किती आठवडे लागतील, बिस्किटं कोणती असतात. त्याने तक्त्याच्या एकतीस प्रती काढून दिल्या. तक्त्याखालची पेन्सिलीची ओळ प्रतींमध्ये उमटली नव्हती.

पण क्लास लावायला वेळच मिळाला नाही. परीक्षा आठवड्यातच झाली. पार्किंगमध्ये शहाऐंशी रहिवासी जमले. गुरुजींनी उजवा हात वर केला. पंच्याऐंशी जण एका हालचालीत खाली बसले. फरशी गरम होती तरी कोणी हूं की चूं केलं नाही. गुरुजींना भरून आलं. इतका सुरेख निकाल त्यांनी कुत्र्यांतसुद्धा बघितला नव्हता.

"यांचं शिक्षण कुठे झालं?" त्यांनी हात खाली घेत न राहवून विचारलं.

"घरीच," काकू बसल्या जागेवरून अभिमानाने म्हणाल्या. "लहानपणापासून."

नापास एकटे मास्तर झाले. ते उभेच राहिले होते. निकालाचा कागद फलकावर लागला तेव्हा त्यांनी तो शांतपणे वाचला आणि नेहमीच्या वेळी ढब्बूबरोबर फिरायला गेले. दाखला नसलेल्या रहिवाशाला आवाराबाहेर हलवण्याचा ठराव पुढच्या सभेत आला. मंजुरीला बत्तीसच्या बत्तीस हात वर होते. 'एक हरकत, तोंडी' आल्यामुळे तो पुढे ढकलला गेला. त्यानंतर तो दर सभेत येतो आणि दर सभेत पुढे ढकलला जातो. बाकड्याचा ठरावही त्याच्या सोबतीने येतो-जातो. सभेला येताना लोक आता तिसऱ्या रांगेत खुर्चीखाली न बघता खुर्चीवर बघतात, आणि म्हणतात, "मास्तर आलेत ना? मग बरं."

हेडक्लार्क संध्याकाळी कधीकधी खाली उतरतो. बाकड्याशी उभा राहतो, पेन्सिलीची ती ओळ आठवतो. मास्तर काही न बोलता थोडे बाजूला सरकतात. तो बसतो. मग ढब्बू बसतो. सभेत मात्र हेडक्लार्कचा हात अजून वर जातो.

दाखल्यांचे छापील नमुने जास्तीचे काढले होते. त्यांतले बरेच शिल्लक आहेत, आणि ते फक्त याच सोसायटीपुरते नाहीत. इथवर निमूटपणे वाचत आलेल्यांपैकी ज्यांना दाखला हवा असेल, त्यांनी बसल्या जागेवरून उजवा हात वर करावा. वेगळी परीक्षा घेतली जाणार नाही.